धुवायचा बदाम

"केशवमामा, एकट्यानंच जांभळं खाल्लीत व्हय? आम्हाला दोन ठेवायची तरी."

पद्माकाकींची धाकटी जाऊ असं म्हणाली आणि मागच्या अंगणात बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. केशवमामा आचारी चुलीपाशी उकिडवे बसून घाम पुसत होते. हसायला त्यांनी तोंड उघडलं तर ओठ खरंच जांभळे दिसत होते. जूनचा महिना होता. जयसिंगपूरच्या बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर जांभळांच्या पाट्या बसलेल्या.

"कुठली जांभळं वैनी," मामा म्हणाले, "सकाळपासनं दोन कप चहा तेवढा पोटात आहे."

"मग जीभ दाखवा बघू."

मामांनी लहान पोरासारखी जीभ काढली. तीही तशीच. बायका आणखी हसल्या. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

त्या दिवशी मगदूमांच्या त्रिशलाताईंचं डोहाळजेवण होतं. पद्माकाकींचे यजमान भूपालअण्णा, त्यांचा साबणाचा छोटा कारखाना घराच्या मागंच होता आणि मी तिथं कामाला होते. तेवीस वर्षांची, लग्न होऊन चार वर्षं झालेली, शाळा चौथीपर्यंत. त्रिशलाताई माझ्याच वयाच्या. आधी दोनदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच त्यांचं पोट पडलं होतं. यावेळी सातवा लागला होता, तरी पद्माकाकी लेकीला जिना चढू देत नव्हत्या. कुरुंदवाडहून सासरची बारा माणसं आली होती, आणि काकींनी बासुंदीसाठी मुद्दाम केशवमामांना बोलावलं होतं. आसपासच्या पाच-सहा गावांत बासुंदी म्हटलं की केशवमामाच. त्यांचं नाव घेतलं की पाहुणे एक दिवस आधी यायचे, असं लोक थट्टेनं म्हणत.

मी मामांना पाण्याचा तांब्या द्यायला गेले. त्यांनी हात पुढं केला आणि मला त्यांची नखं दिसली. नखांखाली निळं होतं. शाई सांडल्यावर असतं तसं वरवरचं नव्हतं, आतून आलेलं होतं.

"मामा, बरं वाटत नाही का?"

"डोकं जरा जड झालंय. धूर लागला असंल. तीस वर्षं चुलीपुढं काढली, आता धूरसुद्धा नाजूक झाला बघ माझ्यासाठी."

त्यांच्या कमरेला पंचा गुंडाळला होता. मी तांब्या परत घ्यायला वाकले तेव्हा पंच्यातून वास आला. गोड, बदामाचा, आणि त्याच्या मागं बूटपॉलिशसारखं काहीतरी. तो वास मला घरच्यासारखा ओळखीचा होता. गेले आठ महिने तो रोज माझ्या पदराला लागून घरी यायचा. आमचे हे म्हणायचे, "मिठाईवाल्याशी लग्न केलं असतंस तर असाच वास आला असता."

"मामा, बासुंदीत बदामाचा इसेन्स घातलाय?"

"घातलाय की. गार झाल्यावर दोन टोपणं."

"कुठला?"

"तुमच्या कारखान्यातलाच. काकींनी सकाळी बाटली धाडली. टोपण असं घट्ट बसलं होतं, काढताना निम्मी मांडीवर सांडली. पंच्यानं पुसली. पण वास बघ काय सुटलाय. तळहातावर घेऊन चाटून बघितला, जरा कडवट लागला, पण उंची इसेन्स कडवटच असतोय."

आचाऱ्यांची ही रीतच असते. वेलदोडा असो, केशर असो, तळहातावर घ्यायचं आणि जिभेनं उचलायचं.

"बाटली कुठं आहे?"

"त्या फळीवर."

बाटली तपकिरी काचेची. तिच्यावर पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर ठळक, वळणदार अक्षरात 'बदाम', आणि खाली लाल पेनानं काढलेला पत्त्यातला बदाम. मी बाटली उजेडात धरून तिचं तोंड बघितलं, टोपणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. काहीच नव्हतं. स्वच्छ होतं.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं ते सांगते.

आमच्या कारखान्यात सुगंधाचं एक कपाट होतं. गुलाब, केवडा, चंदन, मोगरा. हे काही फुलांतून काढलेलं नसायचं, मिरजेचे हुसेनचाचा पिशवीतून बाटल्या आणून द्यायचे. आम्ही बायका त्यांना वासावरूनच नाव द्यायचो. त्या पाण्याचा गुलाबाशी संबंध असो नसो, वास गुलाबाचा म्हणजे गुलाब. बदामही तसाच. आधी बदामाची जी बाटली यायची ती महाग होती. तिच्या तोंडाशी महिन्याभरात पांढरी साखर धरायची. मी एकदा हुसेनचाचांना म्हटलं, "चाचा, ही बाटली जुनी दिलीत, खडे धरलेत." ते म्हणाले, "बेटी, तो खायचा बदाम. हवा लागली की तो तोंडाला खडे धरतोच, तेच त्याचं खरेपण. हलवाईसुद्धा हाच नेतात."

मग अण्णांनी स्वस्तातला मागवला. चाचा नवी बाटली देताना म्हणाले, "हा धुवायचा बदाम. याला कधीच खडे धरणार नाहीत. हात लागला तर लगेच साबणानं धू, अंगातून आत जातो. आणि चुकूनसुद्धा जिभेला लावू नकोस." मी हात धूत होते. तरी कधी दिवसभर त्या बाटलीशी काम पडलं की संध्याकाळी डोकं ठणकायचं. एकदा नखं निळसर दिसली होती. मला वाटलं, धुण्याच्या साबणात नीळ कालवतो, तिचीच लागली असेल.

चाचांचं हे बोलणं मला माहीत होतं. घरात कुणाला माहीत आहे की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. साबणाच्या कपाटातलं कुणी स्वैपाकघरात नेईल असं मला वाटलं नव्हतं.

मी बाटली पदराखाली घेतली आणि माजघरात गेले. त्रिशलाताई चौरंगावर बसल्या होत्या. हिरवी साडी, मोगऱ्याच्या कळ्यांचा मुकुट, दंडाला फुलांच्या वाक्या. समोर पाटावर दोन चांदीच्या वाट्या, दोन्ही झाकलेल्या. एकीत पेढा, दुसरीत बासुंदी. पेढा निघाला तर मुलगा, बासुंदी निघाली तर मुलगी. आणि मगदूमांच्या घरची रीत अशी, की जी वाटी निघेल ती तिथंच, सगळ्यांसमोर संपवायची. तिनं संपवल्याशिवाय पंगत बसायची नाही.

मी काकींना दाराशी बोलावलं.

"काकी, बासुंदी देऊ नका कुणाला."

"का गं? नासली?"

"नाही. बाटली चुकलीय. हा साबणाचा आहे. विषारी असतोय."

काकींनी माझ्या पदरातून बाटली ओढून घेतली, कागद बघितला आणि तो माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय लिहिलंय? वाच."

"बदाम."

"अक्षर कुणाचं?"

मी त्या लाल बदामाकडं बघितलं.

"तुझंच ना? वर चित्रपण काढलंयस. अण्णा आल्यागेल्याला दाखवतात, आमच्या शालनचं अक्षर बघा म्हणून. आणि आता म्हणतेस बदाम नव्हे?"

"काकी, केशवमामांची नखं बघा. ओठ बघा."

"जांभळं खाल्ल्यात त्यानं. सगळ्यांनी बघितलंय. हे बघ शालन, विहीणबाई पहिल्यांदा आल्यात या घरात. दोन वेळा माझ्या पोरीला त्यांनी काय काय ऐकवलंय ते मला माहीत आहे. आज त्यांच्यासमोर मी सांगू, आम्ही तुमच्या सुनेला साबण खायला घालत होतो? तोंड मीट आणि पत्रावळ्या मांड."

मागं बायकांचा आवाज चढला. "उघड, उघड. डावी उघड." मी वळून बघितलं. त्रिशलाताईंचा हात दोन वाट्यांवर फिरत होता. त्या हसत होत्या. डाव्या वाटीचं झाकण त्यांनी उचललं.

"बासुंदी," कुणीतरी म्हणालं. "लक्ष्मी येणार."

विहीणबाईंचा चेहरा जरासा उतरला आणि त्यांनी तो लगेच सावरला. त्रिशलाताईंनी चमचा भरला.

खरं बोलून मी आत्ताच बघितलं होतं. त्याला किती वेळ लागतो आणि त्याचं काय होतं ते मला कळलं होतं. चमचा वर येत होता. माझ्या तोंडून जे निघालं त्याचा मी आधी विचार केलेला नव्हता.

"ताई, ठेवा ते. बासुंदीत पाल पडलीय."

चमचा खाली पडला. त्रिशलाताईंनी वाटी अशी ढकलली की ती पाटावरून घरंगळत गेली. एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर धावली, तिनं तर काही खाल्लंही नव्हतं. विहीणबाई "अरे देवा, जीव गेला असता की" म्हणत उठल्या. अर्ध्या मिनिटात घरातल्या एकाही माणसाला त्या बासुंदीकडं बघवेना. विष म्हटल्यावर मला अक्षर दाखवलं होतं. पाल म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही.

दोघा गड्यांनी पातेलं उचलून कारखान्यामागच्या गटारात रिकामं केलं. तेव्हा चुलीपाशी केशवमामा उठून उभे राहिले.

"कुठं पाल? माझ्या बासुंदीत?"

"तुमच्याच," काकींची जाऊ म्हणाली. मघाशी जांभळांवरून थट्टा करणारी तीच. "मामा, लक्ष कुठं होतं तुमचं?"

"अहो, मी उठलोसुद्धा नाही इथनं."

ते दोन पावलं पुढं आले. मग त्यांनी भिंतीला हात लावायला गेल्यासारखं केलं, तिथं भिंत नव्हती. ते खाली पडले. चेहरा आता जांभळा नव्हता, शिशासारखा राखी झाला होता.

"चाखली असणार त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. "पालीचं विष चढलं."

मी धावत जाऊन आधी त्यांच्या कमरेचा पंचा सोडला. घागरभर पाणी त्यांच्या मांडीवर, हातांवर ओतलं, साबण घेतला आणि चोळत सुटले. बायकांना वाटलं, शालनचं डोकं फिरलं.

अण्णांनी जीप काढली. मागं मामांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. अंकलीच्या पुलावर मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी थांबवली नाही, वळून बघितलं नाही.

"पाल नव्हती?"

"नव्हती."

पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "दवाखान्यात पालच सांगायचं. कपाटातली बाटली माझी, कागद तुझा. चौकशी लागली तर कारखान्याला कुलूप लागेल. अकरा बायका आहेत, शालन. त्यात तू आहेस."

"आणि मामा?"

"डॉक्टर काय ते बघतील. तेच त्यांचं काम आहे."

मिरजेला दवाखान्यात त्यांना आत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टर होता, चष्मेवाला. अण्णांनी पालीचं सांगितलं. तो म्हणाला, "पालीनं माणूस असा निळा होत नाही. ऑक्सिजन देऊनसुद्धा रंग बदलत नाहीये. यांना हृदयाचं काही होतं का? काही औषध घेतलं? काही हाताळलं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"नाही हो," अण्णा म्हणाले.

सलाईनची बाटली नवी लावली होती. ती चौथाई रिकामी होईपर्यंत मी गप्प होते. लोक अशा वेळी म्हणतात की मला काही सुचत नव्हतं. मला सुचत होतं. मी पगाराचा विचार करत होते, अण्णांच्या तोंडून निघणाऱ्या 'शालनचं अक्षर' या दोन शब्दांचा करत होते, आणि आता ते कुठं कुठं म्हटले जातील याचा करत होते. नर्सनं मामांच्या दंडातून रक्त काढलं तेव्हा मी ते बघितलं. लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं. डॉक्टरनं ती नळी उजेडात धरली आणि तो स्वतःशीच काहीतरी म्हणाला.

"मिरबेन," मी म्हटलं.

"काय?"

"त्यांनी मिरबेनचं तेल चाटलंय. अंगावरही सांडलंय. सकाळपासून तोच ओला पंचा नेसून होते. साबणात घालतात ते. वास बदामाचा असतोय."

डॉक्टरनं नळी खाली ठेवली. "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लेबलावर होतं."

ते लेबल मी वाचलं होतं. साबणाच्या कास्टिक सोड्यानं अर्धं खाल्लेलं. इंग्रजी अक्षरं मी सिनेमाच्या पोस्टरांवरून आणि बिस्किटांच्या पुड्यांवरून शिकले होते, एकेक जोडत. ऑइल हा शब्द डब्यांमुळं पाठ होता. पुढचं लावून लावून मिरबेन असं जमलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. मला वाटलं, मुंबईत कुणी मिरबेन म्हणून गुजराती बाई असणार, तिचा हा धंदा असणार. नावापुढं बेन होतं ना. मी मनातल्या मनात तिला पांढऱ्या साडीत, चष्मा लावून गल्ल्यावर बसवलीसुद्धा होती. मग अण्णा म्हणाले, "शालन, सगळ्या बाटल्यांवर मराठीत कागद लाव, बायकांना वाचता येईल असा." मी मिरबेनवर माझा कागद चिकटवला. बाकीच्या बाटल्यांवर नुसती नावं लिहिली. बदामाला तेवढं चित्र काढलं, कारण ते मला येत होतं.

डॉक्टर आत धावला. थोड्या वेळानं एक इंजेक्शन आणलं, ते निळं होतं. गर्द, निळीच्या पुडीसारखं. निळ्या पडलेल्या माणसाच्या शिरेत ते निळं औषध जाताना बघून मला वाटलं, संपलं आता. पण तासाभरात मामांच्या ओठांवर रंग यायला लागला. आधी राखी, मग मातकट, मग माणसासारखा.

"अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाला. तो हे सहज बोलला. चौथाई बाटलीला किती वेळ लागतो हे त्याला विचारायची मला हिंमत झाली नाही.

अण्णा त्याच्याशी खोलीबाहेर बराच वेळ बोलले. परत जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "जे झालं ते झालं. माणूस वाचला, पोर वाचली. आता हे आपल्या दोघांत. घरात पालच राहू दे."

मी हो म्हटलं. त्यांनी मला हो म्हणायला लावलं असं मी कितीदा स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नाही. मला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातल्या सगळ्या बाटल्यांवरचे कागद खरवडून काढले. मिरबेनची बाटली अण्णांनी स्वतः परत पाठवली. आश्विनात त्रिशलाताईंना मुलगी झाली. विहीणबाईंनी कुरुंदवाडात साखर वाटली. काकींनी मला हिरवं लुगडं दिलं आणि म्हणाल्या, "तुझी नजर चांगली आहे हो, पाल दिसली तुला." त्यांच्या डोळ्यांत मी नीट बघितलं. त्यांना काय आठवत होतं आणि काय त्यांनी विसरायचं ठरवलं होतं, ते मला कळलं नाही.

केशवमामांना त्या वर्षी लग्नसराईत एकही काम मिळालं नाही. पालीची गोष्ट आमच्या आधी गावोगाव पोचली होती. पुढच्या वर्षीही नाही. मग ते नृसिंहवाडीच्या रस्त्यावर चहाच्या गाड्यावर कुणाच्या तरी हाताखाली उभे राहायला लागले.

एकदा मी तिथून जात होते. त्यांनी हाक मारली. चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मी चहा पीत असताना ते माझ्यासमोर बाकावर बसले.

"शालन, एक विचारू? तूच बघितलीस ना ती?"

"काय?"

"पाल."

मी कपाकडं बघत राहिले.

"नाही, विचारायचं एवढ्याचसाठी," ते म्हणाले, "की मी पातेल्याला फडकं बांधलं होतं. चारी बाजूनं, सुतळीनं. तीस वर्षांत न बांधता कधी पातेलं ठेवलेलं नाही. रात्री पडल्या पडल्या तेच मनात येतंय. कुठनं शिरली असंल. फार बारीक होती का गं? केवढी होती?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला बोलता आलं असतं. रस्त्यावर कुणी नव्हतं, अण्णा तिथं नव्हते. मी कप खाली ठेवला आणि अंगठा नि तर्जनी लांब करून दाखवलं.

"एवढी," मी म्हटलं.

मामांनी माझ्या बोटांमधलं अंतर बघितलं. मान हलवली. मग स्वतःचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले.

"एवढी म्हणजे बारीकच," ते म्हणाले. "मग माझीच गाठ सैल राहिली असणार."